पिठातले डोळे

९ जून, सोमवार

पितांबरभाऊंनी सांगितलंय की रोज जे शिकशील ते लिहून ठेव, चौतिसाव्या वर्षी डोक्यात काही टिकत नसतं. म्हणून ही वही. पाचोऱ्यात त्यांचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्यांचा जुना डिझायनर नाशिकला निघून गेला आणि त्याच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं. मी कोण, तर दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटावर कोळशाचा पट्टा सांभाळणारा प्रेमराज. कंत्राट संपलं, भडगावला घरी बसलो आणि मोबाइलवर बघून बघून थोडं फोटोशॉप शिकलो. एवढंच भांडवल.

बोली अशी झाली आहे की श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत शिकायचं. जमलं तर पक्का डिझायनर. नाही जमलं तर सुरतला साल्याकडे जायचं, साड्यांच्या पॅकिंगला. मला सुरतला जायचं नाही. घरी हे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहून टाकलं.

आज भाऊंनी स्क्रीनवर ‘अ’ टाकला आणि म्हणाले, मोठा कर. केला. अजून मोठा कर. करत गेलो. अक्षर फुटेल, चौकोन चौकोन दिसतील असं मला वाटत होतं. काही फुटलं नाही. शेवटी सगळ्या स्क्रीनभर त्या ‘अ’चं नुसतं पोट उरलं, गिरणेच्या वळणासारखं गुळगुळीत. पहिलीपासून हे अक्षर लिहितोय, त्याला इतकं सुंदर पोट आहे हे आज कळलं. माझी गाडी गॅरेजला आहे; घरी येताना स्टँडवरच्या पाट्या वाचत बसलो आणि एसटी चुकली.

१४ जून, शनिवार

पहिला फ्लेक्स केला. एका होतकरू नेत्याचा वाढदिवस. त्याचा फोटो, सूर्याचे किरण, वाघ, गुलाब, शुभेच्छुकांचे झाडून सगळे चेहरे, आणि नाव लाल अक्षरात, पिवळ्या कडेत, वर काळी सावली. जे जे येत होतं ते सगळं टाकलं.

मोबाइलवर दिपमालाला दाखवला. ती साडीला फॉल लावत होती. गल्लीतल्या सगळ्यांचं फॉल-पिको तीच करते. दातात दोरा धरून म्हणाली, “आठे डोया टेकाले जागाच नही शे. मानूसनी देखानं कोठे?”

बायकोला काय कळतं फ्लेक्समधलं. मी मोबाइल खिशात घातला.

१६ जून, सोमवार

आज गाडीवर येताना मला एकदम सुचलं. फ्लेक्सवर मोकळी जागा सोडायची! बघणाऱ्याला नजर टेकवायला काहीतरी हवं ना. दुकानात गेल्या गेल्या वाघ उडवला, किरण उडवले, निम्मे गुलाब उडवले. नेत्याचा चेहरा मधे एकटा ठेवला. आणि काय सांगू, तोच चेहरा, तोच फोटो, पण माणूस एकदम भारदस्त दिसायला लागला. मी काहीच वाढवलं नव्हतं, फक्त काढून टाकलं होतं. हे कसं होतं ते मला अजून समजत नाही.

भाऊ मागे येऊन उभे राहिले, “हं” म्हणाले आणि चहा सांगितला. भाऊंचं ‘हं’ म्हणजे पुष्कळ.

२७ जून, शुक्रवार

हा आठवडा वाईट गेला. स्क्रीनवर केळीच्या पानासारखा पोपटी दिसणारा रंग फ्लेक्सवर शेवाळी येतो. लाल विटकरी येतो. एका बियाणेवाल्याचं काम परत आलं. भाऊ म्हणाले, स्क्रीन उजेडाने रंग बनवते आणि मशीन शाईने, दोघांचं कधी जुळत नाही, ते डोळ्यांनी शिकावं लागतं. कसं शिकायचं ते मात्र सांगितलं नाही.

खराब निघालेला तुकडा घरी आणला. दिपमालाने तो उचलला आणि दारात नेऊन उन्हात धरला. “मी घरमा कधी धागा निवडस का? घरमा रंग खोटा दिखस.” मग तिच्या रिळांच्या डब्यातून एक हिरवं रीळ काढून त्यावर ठेवलं. अगदी तोच रंग, कुठे जोड दिसेना. मी म्हटलं, मला डिझाइनचं टेन्शन आहे आणि तुला धाग्यांचं सुचतंय.

३० जून, सोमवार

भन्नाट युक्ती सुचली. मशीनवर सगळ्या रंगांचे छोटे छोटे चौकोन छापून घेतले, प्रत्येकाखाली त्याचे आकडे लिहिले आणि ती पट्टी दुकानाच्या दाराबाहेर उन्हात टांगली. आता रंग स्क्रीनवर निवडायचाच नाही. बाहेर यायचं, पट्टीवर बघायचं, आत जाऊन आकडे टाकायचे.

भाऊ बराच वेळ पट्टीपुढे उभे होते. म्हणाले, “प्रेमराज, हे कुणी सांगितलं तुला?” मी म्हटलं, आपोआप सुचलं. “इतकी वर्षं मला नाही सुचलं,” म्हणाले. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. पट्टीतला तो पोपटी उन्हात असा हसतो की येता-जाता उगाच बघून येतो.

१२ जुलै, शनिवार

मोठं काम आलं. कुंदन नावाचा मुलगा आला होता. त्यांची भावकी मोठी, सुरत-नाशिक-पुण्याला पांगलेली. यंदा सगळे मिळून पाचोऱ्यात कानबाई बसवणार आहेत. वीस फुटांची कमान आणि तिच्यावर कानबाई. भाऊ म्हणाले, “हे काम तुझं. यावर ठरवू.”

म्हणजे सुरत का पाचोरा, ते या कमानीवर ठरणार.

१७ जुलै, गुरुवार

कानबाईचं चित्र बाजारात मिळत नाही. इतर देवांचे हवे तेवढे फोटो नेटवर पडलेत. कानबाई म्हणजे आपल्या घरातला पूजेचा नारळ, त्याला डोळे, नथ, कुंकू, साडी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी नदीला जाते. नेटवर शोधलं तर भलत्याच देव्या निघाल्या.

मग माझ्या मोबाइलमध्येच खजिना सापडला. गेल्या वर्षीच्या आमच्या घरच्या कानबाईचा फोटो! दिव्याच्या उजेडात काढलेला. मी बॅकग्राउंड कापली, नथीवर थोडी चमक दिली, मागे नुसता गडद कुंकवाचा रंग आणि भोवती भरपूर मोकळी जागा. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. मलाच खरं वाटेना. कुंदनला व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याने लगेच अंगठा दिला.

दिपमालाने हातातलं काम खाली ठेवून बघितलं. मग म्हणाली, “आपनी बाई दुसराना दारमा काब्र उभी करतस तुम्ही?”

मी म्हटलं, अगं, दुसऱ्याचं दार म्हणून काय झालं, देवी काय तुझी-माझी असते? सगळ्यांची एकच. ती म्हणाली, “देवी एक शे. पन घर येगळं शे ना.” मी विषय बदलला.

२१ जुलै, सोमवार

संपलं सगळं.

कमान छापून तयार होती, दुकानासमोर पसरून ठेवली होती. कुंदन त्याच्या आजीला घेऊन आला. रुख्माबाई नाव. त्यांच्या भावकीत कानबाईला डोळे लावायचा मान त्यांचा. वाळक्या शेंगेसारखी म्हातारी, पण चालणं ताठ. फ्लेक्सजवळ आली, वाकून बघितलं, नथ बघितली, डोळे बघितले.

“कोनी शे हाई?” म्हणाली. कुणाची आहे ही, असं विचारत होती.

कुंदन म्हणाला, “आजी, कानबाई आहे ना.”

“ते माले दिखस. पन आमनी नही शे. आमनी आशी देखस नही.” मग माझ्याकडे वळली. “तुमनी शे का, भाऊ?”

मी मान हलवली. वाटलं, आता ही रस्त्यावर तमाशा करणार. तिने काहीच आरडाओरडा केला नाही. डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या फ्लेक्सपुढे हात जोडले. म्हणाली, “पाव्हनी शे ती. पाव्हनीले वाटवर उभी करतस का कोनी?” कुंदनला पिटाळून समोरच्या दुकानातून नारळ आणि खण आणवला. भर रस्त्यात, गाड्या पों पों करत असताना, तिने त्या छापील कानबाईची ओटी भरली. मला म्हणाली, “हाई घर ले जा. आनि देख, येनाखाले कांदा झाकू नको.”

खराब फ्लेक्सने आम्ही सगळे कांदा आणि भुसाच झाकतो. म्हातारीला तेही ठाऊक होतं.

भाऊ एवढंच म्हणाले, “त्यांना त्यांची कानबाई हवी आहे. शनिवार, दोन तारखेला कमान लागली पाहिजे.”

घरी आलो. दिपमालाने दारातच पाणी ओवाळून टाकलं, फ्लेक्सची गुंडाळी आत घेतली आणि धान्याच्या कोठीवर उंच ठेवली. “मी सांगितलं होतं” असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२३ जुलै, बुधवार

कुंदनकडे फोटो मागितला. नाही. त्यांच्या भावकीत कानबाईचा फोटो काढतच नाहीत, कधीच काढलेला नाही. नारळ आत्ता देवघरात कापडात बांधलेला आहे, कानबाईच्या रविवारीच उघडेल. जी दिसत नाही, जिचा फोटो नाही, तिचं वीस फुटी चित्र मी कुठून आणू?

साल्याचा फोन आला होता. खोली बघून ठेवली म्हणाला.

२४ जुलै, गुरुवार

दिपमाला म्हणाली, “रुख्माअक्काले इचारी तरी देखूत. चाला, मी येस.” बायामाणसांच्या गोष्टी बायामाणसांनी विचाराव्यात, असं तिचं म्हणणं. मला पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

रुख्माबाई ओट्यावर ज्वारीचं पीठ चाळत बसली होती. मी समजावून सांगायला लागलो की मॅडम, म्हणजे अक्का, आम्हाला रेफरन्स लागतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. दिपमाला तिच्याशेजारी खाली बसली, दुसरी चाळणी घेतली आणि चाळायला लागली. बराच वेळ दोघी पिठाबद्दलच बोलत होत्या.

मग दिपमालाने सहज विचारलं, “फोटू काढतस नही तं, अक्का, चित्र बी नही का?”

“चित्र व्हतं ना. मन्ही सासू दरसाल भितडावर काढे. आते भितडाले टाईल लागनी,” म्हणाली आणि हसली.

“डोया कसा व्हतात?”

म्हातारी हाताने हवेत दाखवायला लागली. दिपमालाने परातीतलं पीठ तळहाताने सपाट केलं आणि बोटाने एक डोळा काढला.

“नही. आखो लांबा.”

पीठ सपाट करून पुन्हा काढला, अजून लांब.

“टोक कानकडे जाऊ दे, माय. नाककडे नही.”

पुन्हा. या वेळी दिपमालाने बोट मधे जरा दाबलं आणि टोकाशी अलगद उचललं. मग दुसरा डोळा. मग नाकाची एक रेघ, नथीचा गोल.

म्हातारीचा हात थांबला. मला वाटलं, बिघडलं. बघतो तर तिने हातातली चाळणी खाली ठेवली होती आणि डोक्यावर पदर घेत होती. “आशीच शे,” म्हणाली. “आशीच देखस ती.” आणि परातीपुढे डोकं टेकवलं.

मी ओट्याच्या कडेला उभा होतो. परातीतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. साधं ज्वारीचं पीठ, दोन बोटांच्या रेघा, आणि कुणीतरी बघत होतं. मी चपला काढल्या. का काढल्या ते सांगता येणार नाही.

“पीठना फोटू काढू का?” मी विचारलं.

म्हातारी खळखळून हसली. “पीठना काढ. पीठले काय शे.”

मी फोटो काढून घेतला. त्या पिठाची भाकरी करायला कुणी हात लावेना. रुख्माबाईने परात तशीच उचलून देवघरात नेली. बरं झालं मी आज जायचं ठरवलं.

२८ जुलै, सोमवार

चार दिवस डोळा काढतोय. फोटो खाली ठेवायचा आणि वरून पेन टूलने रेघ ओढायची. पेन टूलमध्ये रेघेला मधे मधे नोड असतात, खिळ्यांसारखे. मी भीतीने पावलापावलावर खिळे ठोकले. डोळा बाभळीच्या फांदीसारखा निघाला. भाऊ म्हणाले, “खिळे काढ. रेघेवर विश्वास ठेव.” एकेक नोड काढत गेलो. शेवटी एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक उरला, आणि दोघांच्या मधली रेघ स्वतःच वाकून उभी राहिली. तिला धरायला मधे कुणी नव्हतं. मी खुर्ची मागे सरकवली आणि बघत बसलो. ज्याने हे शोधून काढलं त्याला कोपरापासून नमस्कार.

घरी प्रिंट दाखवली. दिपमालाने बोट फिरवून बघितलं. “पिठमा बोट जठे दाबायनं, तठे रेघ जाडी व्हती.”

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. सकाळी उठलो तोच डोक्यात आलं की रेघ सगळीकडे सारखी जाड असूच नये. मधे भरलेली आणि टोकाला निमुळती. दुकानात जाऊन तसं केलं आणि चित्राने पापणी उचलली. खरंच सांगतो, उचलली. भाऊंना हाक मारली. ते आले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत.

३१ जुलै, गुरुवार

छपाई झाली. मशीनचं डोकं इकडून तिकडे पळतं आणि बोटभर पट्टी छापून पुढे सरकतं. आधी नुसता कुंकवाचा रंग येत राहिला. मग कपाळ. मग भुवया. मशीनवरच्या दोघांनी मोबाइल खाली ठेवले. डोळा यायला लागला तेव्हा शटरमधून आलेला एक माणूस दर विचारायचा सोडून तिथेच उभा राहिला. त्या डोळ्यातला प्रत्येक नोड मला पाठ आहे, आकडे पाठ आहेत. तरी पूर्ण चेहरा आला तेव्हा मला तिच्याकडे सरळ बघवेना.

भीती एकच. म्हातारी काय म्हणेल.

२ ऑगस्ट, शनिवार

कमान लागली. दोऱ्या ताणल्या आणि फ्लेक्स वाऱ्याने एकदा फुगून स्थिर झाला. रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. भावकीतल्या सुरतेहून आलेल्या बायका एकेक करून बाहेर आल्या आणि बोलता बोलता डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. एकीने कमानीच्या बांबूला हळदकुंकू लावलं. मग दुसरीने फ्लेक्सच्याच खालच्या कडेला लावलं, माझ्या कुंकवाच्या रंगावर खरं कुंकू. ते शेजारी शेजारी बघितलं आणि जोड दिसेना.

रुख्माबाईला दोघींनी धरून आणलं. तिने वर बघितलं. ऊन होतं, तिने कपाळावर हात धरला. पुष्कळ वेळ बघत होती. शेजारी पितांबरभाऊ उभे होते, तेही कमान सोडून तिच्याकडेच बघत होते.

“उनी माय,” ती म्हणाली. आली माझी आई. एवढंच. आणि रडायला लागली.

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “कानबाई झाली की ये. खुर्ची तुझी.”

परत येताना भडगावच्या अलीकडे गाडी थांबवून कपाशीच्या बांधावर नुसता बसून राहिलो. मी केलेल्या चित्रापुढे माणसं हात जोडतात! मी, कोळशाचा पट्टा सांभाळणारा!

३ ऑगस्ट, रविवार

आज आमची कानबाई बसली. आईनंतर डोळे लावायचं काम दिपमालाचं आहे. दरवर्षी तेव्हा मी बाहेर मांडवाच्या गडबडीत असतो. यंदा पहिल्यांदा आत चौरंगाजवळ बसलो, म्हटलं आता आपण यातले जाणकार आहोत, बघू तरी.

तिने चांदीचा एक डोळा मेणाने लावला. मागे सरकली. एक डोळा बारीक करून बघितलं. पुढे होऊन तो केसभर वर घेतला. दाराकडून येणारा उजेड अडत होता म्हणून तिथे उभ्या पोरींना बाजूला केलं. कुणीतरी मोगऱ्याचे गजरे आणून कपाळाभोवती गुंडाळायला लागलं, तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तठे मोकळं.” मग दुसरा डोळा लावला आणि बोट मधे दाबून टोकाशी अलगद उचललं.

नारळाने आमच्याकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले, पण खरं सांगायचं तर माझी नजर नारळावर नव्हती. कपाळावर घाम आलेली, पदर खोचलेली, बोटाला मेण लागलेली माझी बायको मी बघत होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी हिला बघितलंच नव्हतं. जागेवरून उठवेना.

उद्या विसर्जन. परवा दुकान. त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मावते, मी मनात मोजून घेतलं. पेन टूल मी तिला एका दुपारी शिकवीन. बाकीचं तिला येतंच. पितांबरभाऊंना सांगायचं आहे की कामाला एकटा नाही, आम्ही दोघं येऊ. पण हे त्यांच्यापुढे कसं मांडायचं ते काही सुचत नाही. तासभर झाला, विचार करतोय.

दिपमालाला विचारून बघतो.